उभ्या माणसाचा पाय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्यासमोर बाकावर बसून अपूर्णांक आणि विभक्तिप्रत्यय घोकलेल्या विद्यार्थ्यांपैकी मी एक असल्यामुळे, चालकांचे निमंत्रण हाती आले तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा विचार करण्यात माझा फारसा काळ गेला नाही. गुरुजींच्या पाठांतराविषयी, वळणदार अक्षराविषयी आणि वक्तशीरपणाविषयी या व्यासपीठावरून माझ्याहून अधिकारी माणसांनी आजवर पुष्कळ सांगितले आहे. परंतु त्यांच्या डाव्या पायाला घोट्यापासून पोटरीपर्यंत बारा महिने जी पट्टी बांधलेली असे आणि जिच्यातून पावसाळ्यात औषधाचा उग्र दर्प पहिल्या बाकापर्यंत येत असे, तिच्याविषयी कोणी बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तेहतीस वर्षे ते फळ्यापुढे उभे राहिले. वर्गात त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण तिच्यावर वह्यांचा गठ्ठा असे. उभ्याने शिकवावे हा त्यांचा शिरस्ता होता आणि तो त्यांनी निवृत्तीच्या दिवसापर्यंत मोडला नाही. ज्या व्याधीवर उपचार करण्यात शल्यवैद्य म्हणून माझे निम्मे आयुष्य गेले ती हीच व्याधी. आणि म्हणून आज, साहित्याच्या किंवा इतिहासाच्या विषयाची अपेक्षा धरून आलेल्या श्रोत्यांची क्षमा मागून, पायांतील फुगलेल्या शिरांविषयी बोलण्याची मी परवानगी घेतो.

परिभाषेत या विकाराला ‘अपस्फीत नीला’ म्हणतात. हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणारी ती रोहिणी आणि अवयवांकडून हृदयाकडे ते परत आणणारी ती नीला, ही जुनी नावे मला अजून प्रिय आहेत, कारण नीला या शब्दात त्वचेखालून दिसणारा तिचा रंगच सांगितलेला आहे. लोक मात्र ‘शिरा फुगल्या’, ‘पायात शिरांचा गुंता झाला’ असे म्हणतात, आणि दवाखान्याच्या पाटीवर ‘व्हेरिकोज व्हेन्स’ असे लिहिलेले असते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सिराज ग्रंथीचे जे वर्णन आहे त्यात, दुर्बल माणसाने शक्तीबाहेर श्रम केले असता प्रकुपित वायू सिरांच्या जाळ्याला पिळून काढतो आणि त्यातून वर उचललेली वाटोळी गाठ उत्पन्न होते, असे म्हटले आहे. कारणमीमांसा आज आपण निराळी मांडतो. परंतु श्रमाचा आणि शिरेचा संबंध त्या ग्रंथकाराच्या नजरेतून सुटला नव्हता, हे नमूद करण्यासारखे आहे.

हृदय छातीत आहे आणि घोटा त्याच्या सव्वा मीटर खाली. रक्त खाली उतरते यात कोणाला नवल वाटत नाही. पण उतरलेले रक्त पुन्हा चढते कसे, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळील नीलेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर असतो, कारण हृदयापासून तिथपर्यंत रक्ताचा अखंड स्तंभ उभा असतो आणि त्याचा सगळा भार तळाशी पडतो. तोच माणूस चालू लागला की थोड्याच पावलांत हा दाब २० ते ३० मिलिमीटरपर्यंत उतरतो. हे घडवून आणणारी पोटरी आहे. प्रत्येक पावलागणिक तिचे स्नायू आवळले जातात, त्यांच्यामध्ये दडलेल्या खोल नीला पिळल्या जातात आणि त्यांतले रक्त वर लोटले जाते. स्नायू सैल पडले की रिकाम्या झालेल्या या खोल नीला त्वचेखालच्या उपरिस्थ नीलांतून रक्त ओढून घेतात. मग वर गेलेले रक्त पोटरी सैल पडताच खाली का येत नाही? विहिरीवर पंप बसवलेल्या कोणाही शेतकऱ्याला याचे उत्तर ठाऊक आहे. नळाच्या तळाशी फुटव्हॉल्व्ह नसेल, किंवा त्यात काडीकचरा अडकून तो नीट मिटत नसेल, तर नळात चढलेले पाणी पुन्हा विहिरीत उतरते आणि पंप नुसता घुरघुरत राहतो. नीलांमध्ये जागोजाग अशाच झडपा आहेत. कागदाहून पातळ अशा त्या दोन पाकळ्या वर जाणाऱ्या रक्ताला वाट देतात, आणि रक्त खाली येऊ लागले की त्याच रक्ताने फुगून एकमेकींना भिडतात.

या झडपा प्रथम ज्यांनी बारकाईने चित्रित केल्या ते पादुआ विद्यापीठाचे शारीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस. त्यांचा ग्रंथ १६०३ साली निघाला. त्यांनी झडप पाहिली, तिचे रेखाटन केले, तिला ‘छोटे दार’ म्हटले. परंतु ती कशासाठी आहे हे सांगताना मात्र ते चुकले. रक्त यकृतातून निघून सर्वांगाकडे वाहत जाते ही प्राचीन ग्रीक वैद्य गेलनची शिकवण चौदाशे वर्षे प्रमाण मानली गेली होती, आणि तीत वाढलेल्या फाब्रिसियसांनी असा निर्वाळा दिला की हातापायांकडे रक्ताचा लोंढा एकदम जाऊ नये म्हणून निसर्गाने हे बांध घातले आहेत. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज विद्यार्थ्याने तीच दारे पाहिली आणि ती कोणत्या बाजूला उघडतात याचा विचार केला. त्याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक प्रयोग दिला आहे, जो आपणांपैकी कोणीही घरी करून पाहावा. दंडाला फडके आवळून बांधावे म्हणजे हाताच्या शिरा टरारून येतात. त्यांपैकी एकीवर खालच्या बाजूस एक बोट दाबून धरावे आणि दुसऱ्या बोटाने तीतले रक्त वरच्या दिशेने पुढच्या गाठीपलीकडे सारावे. मधला भाग रिकामा राहतो. वरून रक्त खाली ढकलण्याचा कितीही प्रयत्न केला तरी ते गाठ ओलांडत नाही, आणि खालचे बोट उचलताच शीर क्षणात भरते. रक्त हृदयाकडेच जाऊ शकते, मागे येऊ शकत नाही. आपणांस रक्ताभिसरणाची कल्पना मुळात या झडपांच्या रचनेवरूनच सुचली, असे हार्वेने उतारवयात रॉबर्ट बॉइल यांना सांगितल्याचे बॉइल यांनी लिहून ठेवले आहे. ज्या पाकळ्यांनी मानवी ज्ञानातले एवढे मोठे दार उघडले, त्यांच्याच बिघाडाची हकीकत आज मी सांगत आहे.

घोट्याच्या आतल्या अंगाने निघून, गुडघ्याच्या बाजूने मांडी चढून जांघेत खोल नीलेला मिळणारी महानीला ही शरीरातली सर्वांत लांब नीला आहे. जांघेतल्या तिच्या मुखाशी असलेली झडप सैल पडली म्हणजे वरचा भार पुढच्या झडपेवर येतो, शीर रुंदावते, पाकळ्या एकमेकींपासून दुरावतात आणि तीही झडप निकामी होते; सरहद्दीवरचे एक ठाणे पडले की त्यामागच्या ठाण्यावर सगळा मारा यावा, तसे हे उतरत जाते. उलट फिरलेले रक्त पोटरीत साचते, आणि त्वचेखालच्या ज्या बारीक फांद्यांना हा दाब सोसण्याची सवय नाही त्या फुगतात, लांबतात आणि मुळांसारख्या वेड्यावाकड्या होतात. डोळ्यांना दिसतात त्या या फांद्या. मूळ दोष त्यांच्यात नसून हातभर वर, जांघेत किंवा गुडघ्यामागे असतो, आणि आज मी जे सांगणार आहे त्याचे सार एवढ्या एका गोष्टीत आहे.

झडप प्रथम सैल का पडते, याची कारणे अनेक आहेत. आईबापांकडून मिळालेला नीलांच्या भिंतीचा दुबळेपणा हे मोठे कारण. त्यात वय, स्थूलता आणि पूर्वी खोल नीलेत धरलेली रक्ताची गुठळी यांची भर पडते. स्त्रियांना गरोदरपणात ही पीडा होते, कारण त्या काळातील अंतःस्राव नीलांच्या भिंती सैल करतात आणि वाढता गर्भ ओटीपोटातल्या नीलांवर दाब आणतो. बाळंतपणानंतर तिच्यातील बराच भाग आपोआप ओसरतो, म्हणून त्या काळात दाबमोजे वापरून वाट पाहावी, शस्त्र लावण्याची घाई करू नये. हा बायकांचा रोग आहे अशी समजूत मात्र खरी नाही. एडिंबरोच्या सर्वसाधारण वस्तीतून निवडलेल्या १८ ते ६४ वयाच्या १,५६६ माणसांची तपासणी झाली तेव्हा मुख्य नीलांचा विकार पुरुषांत सुमारे ४० टक्के आणि स्त्रियांत ३२ टक्के आढळला. पुरुष धोतराच्या आणि पाटलोणीच्या आड तो झाकतात आणि दवाखान्यात येत नाहीत, एवढाच फरक.

या सर्व कारणांवर जे मीठ चोळले जाते ते तासन्‌तास उभे राहण्याचे. चालणे नव्हे, उभे राहणे; कारण चालणाऱ्याची पोटरी काम करते आणि उभ्या राहणाऱ्याची करीत नाही. मुंबईच्या गिरण्यांत मागावर पाळीच्या पाळी उभे राहिलेले विणकर, चौकातला वाहतूक हवालदार, केशकर्तनालयातला कारागीर, लग्नसराईत चुलाणापुढे उभा असलेला आचारी, एस. टी.चा वाहक, शस्त्रक्रियागृहातली परिचारिका आणि फळ्यापुढचा मास्तर हे सगळे या एका पंगतीत बसतात. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी काही श्रोते उभे आहेत असे मला येथून दिसते. त्यांनी व्याख्यान चालू असताना अधूनमधून टाचा उचलून चवड्यांवर उभे राहावे, अशी माझी विनंती आहे. त्याने मला मुळीच व्यत्यय येणार नाही.

आरंभी पाय जड होतात, संध्याकाळी घोट्याशी सूज येते, रात्री पोटरीत गोळे येतात. पुष्कळांची वाटचाल इथेच थांबते आणि त्यांना आयुष्यात यापलीकडे काही सोसावे लागत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु ज्यांचा दाब वर्षानुवर्षे उतरत नाही त्यांच्या घोट्याच्या आतल्या बाजूस, जिथे हा भार सर्वांत अधिक, तिथे कातडी खाजू लागते, तांबड्या पेशी केशवाहिन्यांबाहेर झिरपून त्यांतल्या लोहाचा तपकिरी डाग उमटतो, चरबीचा थर आवळून घट्ट होतो, आणि मग एखाद्या दिवशी पलंगाच्या कडेचे किंवा सायकलच्या पायट्याचे ओरखड्याएवढे लागते आणि ती जखम भरून येत नाही. महिने जातात, वर्षे जातात. नंतर मलम बदलणे, पूड बदलणे, डॉक्टर बदलणे सुरू होते. रुग्ण मधुमेहाची शंका धरतो, शेजारी पथ्य सांगतात, आणि व्रण तिथेच असतो.

आणखी एक प्रसंग असा आहे की त्याची माहिती प्रत्येक घरात असलीच पाहिजे, म्हणून थोडा थांबून तो सांगतो. घोट्याजवळ वर आलेली पातळ कातडीची शीर कधी कधी, विशेषतः गरम पाण्याच्या स्नानानंतर, फुटते. वेदना होत नाही. रक्ताची धार लागते. घाबरलेले घरचे लोक माणसाला खुर्चीवर बसवतात, पाय खाली लोंबत ठेवतात आणि कोणी जाणता पोटरीला वरून दोरी आवळतो. या तिन्ही गोष्टी रक्तस्राव वाढवतात, आणि या साध्या शिरेच्या रक्तस्रावाने बसल्या जागी माणसे दगावलेली आहेत. करावयाचे ते इतकेच, की त्याला ताबडतोब जमिनीवर उताणे निजवावे, पाय भिंतीला टेकवून उंच धरावा आणि फुटल्या जागी स्वच्छ फडके ठेवून बोटाने दाब द्यावा. पाय हृदयाच्या वर गेला की त्या शिरेतला दाब शून्याजवळ येतो, आणि बहुधा पाचदहा मिनिटांत रक्त थांबते. मग वैद्याकडे जावे.

उपचाराचा इतिहास जुना आहे आणि तो बराचसा यातनांचा आहे. अथेन्सच्या संग्रहालयात ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातले एक शिल्प आहे. त्यात एका पुरुषाने भलामोठा पाय हातांनी कवटाळला असून त्या पायावर फुगलेली शीर स्पष्ट कोरली आहे. देवापुढे मांडलेला तो नवस आहे. रोमचा सेनापती मारियस याच्या दोन्ही पायांवर अशा गाठी होत्या. प्लुटार्कने लिहिले आहे की त्याने स्वतःला बांधू दिले नाही, एक पाय पुढे केला, शल्यवैद्याने चिरत जावे आणि याने हूं की चूं न करता सोसावे असे चालले. पण वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा त्याने नकार दिला, कारण मिळणारा गुण एवढ्या वेदनेच्या मोलाचा त्याला वाटला नाही. पुढची एकोणीस शतके रुग्णांपुढचा हिशेब असाच राहिला. १८९० च्या सुमारास बॉनचे शल्यवैद्य ट्रेंडेलेनबर्ग यांनी फांद्या चिरण्याऐवजी महानीला मांडीत बांधून टाकण्याचा मार्ग दाखवला. रोगाच्या मुळाशी हात घालणारे पहिले शल्यशास्त्र म्हणून मी त्याला मान देतो. फिलाडेल्फियाच्या बॅबकॉक यांनी १९०७ साली शिरेच्या आतून सळई घालून ती शीर समूळ उपटून काढण्याची युक्ती काढली, आणि माझ्या उमेदवारीच्या काळापर्यंत तीच चालत होती. भूल द्यावी लागे, जांघेत चीर घ्यावी लागे, मांडी काळीनिळी होई आणि रुग्ण दोनतीन आठवडे कामाला मुकत असे. ज्याची रोजंदारी बुडते तो असल्या शस्त्रक्रियेला तयार होत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

हे चित्र गेल्या पंचवीस वर्षांत पालटले, आणि ते तीन निरनिराळ्या दिशांनी आलेल्या विद्यांच्या संगमामुळे पालटले. पहिली विद्या पाहण्याची. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली प्राग येथे जोडताऱ्यांच्या रंगासंबंधी जो सिद्धान्त मांडला, तोच श्राव्यातीत ध्वनीला लावून त्वचेखालचे रक्त कोणत्या दिशेने वाहते हे आज पडद्यावर लाल-निळ्या रंगांत दिसते. दुसरी विद्या शिरकाव करण्याची. स्टॉकहोमच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली दाखवले की रक्तवाहिनीत सुई टोचून, सुईतून तार सरकवून, सुई काढून तारेवरून नळी आत नेता येते, आणि चिरेची गरज राहत नाही. तिसरी विद्या बधिरतेची. कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ क्लाइन यांनी चरबी काढण्यासाठी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत अत्यंत पातळ केलेले बधिरीकरणाचे औषध मोठ्या प्रमाणात ऊतींत भरले जाते, आणि पूर्ण भूल न देता लांबलचक भाग संवेदनाहीन होतो.

आता प्रत्यक्ष क्रिया कशी होते ते सांगतो. तपासणी प्रथम, आणि ती रुग्ण उभा असताना. निजलेल्या माणसाच्या शिरा रिकाम्या होऊन लपतात आणि उलटा प्रवाह दिसत नाही. म्हणून त्याला उभे करून, पोटरी दाबून सोडून द्यावयाची आणि रक्त किती वेळ मागे वाहते ते पाहावयाचे. अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ ते मागे आले तर झडप नादुरुस्त. खोल नीला मोकळ्या आहेत याची रुजवात करून घेतल्याशिवाय उपरिस्थ नीला बंद करणे हे परतीचा राजमार्ग खुला आहे की नाही हे न पाहता आडवाट बुजवण्यासारखे आहे. तपासणीअंती महानीला दोषी ठरली म्हणजे गुडघ्याजवळ पडद्यावर पाहत सुई टोचतात, तारेवरून नळी नेतात आणि तीतून लेझरचा तंतू किंवा रेडिओलहरींनी तापणारी नळी जांघेच्या सांध्याखाली सुमारे दोन सेंटिमीटरवर नेऊन ठेवतात. मग शिरेभोवती सर्व लांबीत ते पातळ औषध भरतात. ते तीन कामे करते: बधिरता आणते, शिरेला आवळून तापत्या टोकाला भिडवते, आणि भोवतालची कातडी व मज्जातंतू यांना उष्णतेपासून वाचवते. रेडिओलहरींच्या नळीचा सात सेंटिमीटरचा तुकडा १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वीस सेकंद धरतात, मागे ओढतात, पुन्हा धरतात. लेझरचा तंतू सावकाश मागे घेतात. शीर आतून भाजते, आकसते, पुढे दोरीसारखी होते आणि महिन्यांच्या अवधीत शरीर तिला जिरवून टाकते. राहिलेल्या फांद्या न्यूशातेलचे त्वचारोगतज्ज्ञ म्युलर यांनी रूढ केलेल्या रीतीने, दोनतीन मिलिमीटरच्या छिद्रांतून बारीक आकडीने काढतात. टाका घालावा लागत नाही. तासाभरात रुग्ण चालत घरी जातो. नुसता जातो असे नाही, त्याने चाललेच पाहिजे असा आमचा हुकूम असतो.

उष्णतेवाचून शीर बंद करण्याचेही उपाय आहेत. ग्रॅनाडाच्या काब्रेरा यांनी नीलेची आतली भिंत जाळणारे औषध वायूत घुसळून त्याचा फेस केला, कारण द्रव रक्तात विरून जातो आणि फेस रक्ताला बाजूला सारून भिंतीला चिकटतो. इटलीच्या तेसारी यांनी २००० साली दोन पिचकाऱ्या आणि एक तिहेरी तोटी एवढ्याच साहित्यात तो फेस कसा करावा हे दाखवून हा उपाय स्वस्त केला. वाकड्यातिकड्या आणि पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या शिरांना तो फार उपयोगी पडतो; मुख्य शिरेत मात्र तो उष्णतेइतका टिकाऊ ठरत नाही, आणि कातडीवर डाग मागे राहू शकतात. शीर चिकटवणारा वैद्यकीय गोंदही निघाला आहे. त्याला भोवताली टोचण्या लागत नाहीत, परंतु तो महाग आहे आणि काहींच्या अंगावर त्याची प्रतिक्रिया उठते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ साली जो अनुक्रम लावला, म्हणजे प्रथम उष्णता, ती शक्य नसेल तर फेस, आणि तोही शक्य नसेल तर जुनी शस्त्रक्रिया, तो मला आजही योग्य वाटतो.

धोके नाहीत असे जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. क्वचित गुठळी खोल नीलेत शिरते, गुडघ्याखाली महानीलेला लगटून जाणारा मज्जातंतू पोळून बधिरता येते, आणि काही वर्षांनी नव्या शिरा फुगतात, कारण मूळ प्रकृती बदललेली नसते. रुग्ण नेहमी विचारतात की शीर बंद केल्यावर रक्त कोठून जाणार. पायाच्या परतीच्या रक्तापैकी नव्वद टक्के रक्त खोल नीलांतूनच जाते, आणि नादुरुस्त शीर तर रक्त उलट खाली आणीत होती, म्हणून ती बंद झाल्याने अभिसरण सुधारते. मात्र हीच महानीला निरोगी असेल तर ती अमोल आहे. फावालोरो यांनी १९६७ साली क्लीव्हलँड येथे तिचाच तुकडा हृदयाच्या रोहिणीला जोडून बायपासचे युग सुरू केले. केवळ दिसते म्हणून शीर जाळणे, उलटा प्रवाह सिद्ध झालेला नसताना जाळणे, हा प्रकार अलीकडे मी पाहतो आणि मला त्याची चीड येते. मांडीवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा हा बहुतेकदा रोग नसतो.

साधा दाबमोजा या सर्वांहून जुना आणि अजूनही अपरिहार्य आहे. घोट्याशी त्याची पकड अधिक आणि वर चढत कमी असते. तो सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावा, म्हणजे शिरा भरण्याआधी. पायाची नाडी लागते याची खात्री झाल्यावाचून घालू मात्र नये, कारण रोहिणी अरुंद झालेल्या पायाला तो दाब घातक ठरतो. व्रणावर थरांची दाबपट्टी हा मुख्य इलाज, आणि पूर्वी आम्ही म्हणत असू की आधी व्रण भरू द्या, मग शिरेचे पाहू. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एव्हरा’ चाचणीने हा क्रम मोडून काढला. सर्वांना दाबपट्टी होती. निम्म्यांची शीर दोन आठवड्यांच्या आत बंद केली, बाकीच्यांची नंतर. पहिल्या गटात व्रण भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस होता, दुसऱ्यात ८२. ज्याची जखम दहा वर्षे वाहत आहे त्याला या सव्वीस दिवसांचे काय, असे कोणी म्हणेल. पण त्या दहा वर्षांत एकानेही त्याची जांघ तपासलेली नसते, हे माझे दुःख आहे.

शरीराबाहेरचे एक कारण मात्र आमच्या नळीने आणि तंतूने दूर होत नाही. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमात, उभ्याने काम करणे ज्यांना भाग आहे अशा कामगारांना, कामाच्या ओघात विसाव्याची संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून मालकाने बैठकीची तजवीज ठेवावी, असे स्पष्ट लिहिले होते. दुकानांना तो कायदा लागू नव्हता. केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांनी, गिऱ्हाईक नसतानाही भिंतीला टेकू न देणाऱ्या वहिवाटीविरुद्ध बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, आणि २०१८ साली तेथे कायदा बदलला. तामिळनाडूने २०२१ साली तसाच बदल केला. एका स्टुलासाठी स्त्रियांना रस्त्यावर उतरावे लागले हे वाचून मला वाईट वाटले, आणि वैद्यकीय परिषदांच्या ठरावांत हा विषय मी कधी ऐकला नव्हता याची लाजही वाटली. आपल्या गावच्या बाजारपेठेतून चालत जावे आणि दुकानांच्या फळीमागे किती बैठका आहेत ते मोजावे. मी मोजल्या आहेत, आणि त्या फार थोड्या भरल्या.

गुरुजींच्या पायाविषयी बोलावयाचे राहिले. मी पदवी घेऊन गावी आलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते आणि एका दवाखान्यात दर दिवसाआड पट्टी बदलून घेत असत. तेथल्या वहीत त्यांच्या नावापुढे चौदा वर्षांच्या तारखा होत्या. त्यांनी मोठ्या विश्वासाने पाय माझ्यापुढे केला. मी पट्टी बोटांच्या मुळापासून गुडघ्यापर्यंत नीट दाबाने बांधावयास लावली, पलंगाच्या पायथ्याखाली विटा दिल्या, आणि पाच महिन्यांत व्रण भरला. ते इतके आनंदले की संध्याकाळी घाटापर्यंत फिरायला जाऊ लागले. पुढच्या आषाढात तो पुन्हा उघडला, आणि मग त्यांच्या अखेरपर्यंत मिटला नाही. त्या काळीही ट्रेंडेलेनबर्गची शस्त्रक्रिया होती, आणि तिच्याविषयी मी परीक्षेत उत्तर लिहिले होते. प्रत्येक वेळी गुरुजी खाटेवर निजत, मी खाली वाकून घोटा पाहत असे आणि जखमेची लांबी-रुंदी मोजून वहीत उतरवीत असे. ती वही माझ्यापाशी आहे. तिच्यात जखमेची एकशे बारा मोजमापे आहेत. गुरुजींना उभे करून त्यांची मांडी पाहिल्याची नोंद तिच्यात एकही नाही.